शाळा उचलून अंगणात नेणाऱ्या ताराबाई मोडक

३१ ऑगस्ट, पुण्यतिथी विशेष

हिंगोली : गावात कुणालाही विचारा, अंगणवाडी कुठं आहे, तर शेंबडं पोरगंसुद्धा बोट दाखवतं. पोषण आहार तिथं मिळतो, लसीकरण तिथं होतं, वजनकाटा तिथं असतो. पण हा शब्द आला कुठून, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. अंगणवाडी हे नाव सरकारी योजनेच्याही आधीचं आहे. लेकरं शाळेत येईनात म्हणून एका बाईनं शाळाच लेकरांच्या अंगणात नेली, तेव्हापासूनचं ते नाव. त्या बाईचं नाव ताराबाई मोडक.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा, मुंबईचा. माहेरचं आडनाव केळकर. वडील सदाशिवराव हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते. त्या काळात विधवेशी लग्न करायचं म्हणजे अख्ख्या भावकीशी वैर घ्यायचं. सदाशिवरावांनी ते घेतलं होतं. असल्या घरात पोरीच्या शिक्षणाला आडकाठी कोण करणार? १९१४ साली ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. झाल्या. आपला हा सगळा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता, परभणी जिल्ह्यात होता, आणि खेड्यात मुलीला पाटी मिळणं ही सुद्धा मोठी गोष्ट होती. यावरून त्या बी. ए. चं वजन लक्षात यावं.

पुढच्याच वर्षी, १९१५ ला, अमरावतीचे वकील कृष्णराव मोडक यांच्याशी त्यांचं लग्न झालं. संसार टिकला नाही. १९२१ च्या सुमारास दोघं वेगळे झाले. त्यात कुणाचं चुकलं हे उकरायला आज काही अर्थ नाही. पण नवऱ्यापासून वेगळी झालेली, पदरात लहान मुलगी असलेली बाई त्या काळात बहुतेक माहेरच्या चुलीपाशी जाऊन बसायची. ताराबाई बसल्या नाहीत. त्या गुजरातेत राजकोटला गेल्या. तिथं बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेज हे बायकांना शिक्षिका करणारं कॉलेज होतं. त्याच्या त्या प्राचार्या झाल्या, त्या खुर्चीवर बसलेल्या पहिल्या भारतीय बाई. पगार होता, मान होता, राहायची सोय होती. म्हणजे आयुष्य मार्गी लागलं असं कुणीही म्हटलं असतं.

तिथंच त्यांच्या कानावर भावनगरच्या एका वेड्या वकिलाचं नाव आलं. गिजुभाई बधेका. या माणसानं चालती वकिली सोडून दक्षिणामूर्ती संस्थेत १९२० साली लहान मुलांचं बालमंदिर काढलं होतं. छडी नाही, घोकंपट्टी नाही, परीक्षा नाही. मिशीवाले गिजुभाई लेकरांत इतके रमायचे की गुजरातेत लोक त्यांना मुछाळी मा, म्हणजे मिशीवाली आई म्हणू लागले. ताराबाईंनी १९२३ मध्ये राजकोटची नोकरी सोडली आणि भावनगर गाठलं. प्राचार्यपद टाकून तीन-चार वर्षांच्या पोरांत जाऊन बसायचं, हे आजही कुणाच्या गळी उतरणार नाही.

इथं जरा मॉंटेसरीबद्दल सांगावं लागेल, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. मारिया मॉंटेसरी ही इटलीची डॉक्टर बाई. तिनं १९०७ साली रोम शहरात, मजुरांच्या गरीब वस्तीत, लहान मुलांचं पहिलं घर उघडलं. मूल हातानं शिकतं, वस्तू उचलून, रचून, ओतून, मोजून शिकतं, हे तिचं म्हणणं. त्यासाठी तिनं लाकडी ठोकळे, दट्ट्या, खरखरीत अक्षरं, रंगाच्या पट्ट्या असं साहित्य तयार केलं. पद्धत जन्मली गरिबाच्या वस्तीत. पण ती आपल्या देशात आली तेव्हा ते साहित्य इतकं महाग पडायचं की मॉंटेसरी म्हणजे शहरातल्या पैसेवाल्यांच्या पोरांची शाळा, असंच होऊन बसलं. आजसुद्धा तालुक्याच्या गावी पाटीवर मॉंटेसरी लिहिलं की फी वाढते, ते काही उगीच नाही.

गिजुभाई आणि ताराबाई दोघांनाही हे खटकत होतं. दोघांनी मिळून १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ काढला. शिक्षणपत्रिका चालवली, तिची मराठी आवृत्ती १९३३ पासून ताराबाईंनी सुरू केली. आईबापांनी लेकराला मारू नये, त्याला हातानं करू द्यावं, चिडवू नये, भीती घालू नये, असल्या साध्या गोष्टी त्या वर्षानुवर्षं लिहीत राहिल्या. मग त्या मुंबईला परतल्या. १९३६ ला दादरमध्ये शिशुविहार सुरू झालं. तिथं मुलांची शाळा आणि शिक्षिकांचं प्रशिक्षण दोन्ही चालायचं. १९३९ मध्ये गिजुभाई गेले. संघाची बरीचशी जबाबदारी ताराबाईंच्या अंगावर पडली.

दादरचं काम चांगलं चाललं होतं. पण ती मध्यमवर्गाची शाळा होती. देशातली बहुतेक लेकरं खेड्यात, आणि खेड्यातल्या लेकराकडे कुणी बघत नव्हतं. शाळेत घालायचं ते सहाव्या-सातव्या वर्षी, तोवर पोरगं उकिरड्यावर खेळलं काय नि गोठ्यात लोळलं काय! ताराबाईंना पटत होतं की खरं नुकसान त्याच वर्षांत होतं. म्हणून १९४५ मध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी, त्यांनी ठाणे जिल्ह्यातल्या डहाणू तालुक्यात बोर्डी या गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. हा भाग आता पालघर जिल्ह्यात येतो. बोर्डी समुद्रकाठी आहे, चिकूच्या वाड्या आहेत. आचार्य भिसे यांचं शिक्षणाचं काम तिथं आधीपासून होतं, त्याचा आधार मिळाला.

गाव वरून हिरवंगार दिसलं तरी आतलं चित्र वेगळं होतं. वाड्या एकाच्या, घाम दुसऱ्याचा. आसपासचे वारली आदिवासी जमीनदार-सावकारांच्या वेठीला बांधलेले. त्याच १९४५ साली गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला होता. पिढ्यान्‌पिढ्या वाकलेली माणसं नुकती कुठं उभी राहत होती. अशा माणसाला येऊन सांगायचं की तुझं तीन वर्षांचं पोर आमच्या बालवाडीत पाठव, तर तो काय ऐकणार?

ताराबाईंच्या सोबत एक माणूस मात्र लाखमोलाचं मिळालं, अनुताई वाघ. अनुताईंचा जन्म १९१० चा, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांच्या आत वैधव्य. त्या शिकल्या, पुण्यात शिक्षिका झाल्या. १९४५ मध्ये बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टचं ग्रामसेविकांचं शिबिर होतं, तिथं दोघींची गाठ पडली. बोर्डीच्या कामाला कुणी येतं का, अशी विचारणा झाली आणि अनुताई तयार झाल्या. एकीचा संसार मोडलेला, दुसरीचा सुरूच झाला नव्हता. दोघींनी मिळून जो पसारा मांडला तो पुढं हजारो लेकरांना पुरला.

बोर्डीला बालवाडी निघाली, जागा होती, साहित्य होतं, बाई होत्या. गावातली बरी परिस्थिती असलेली मुलं यायला लागली. पण ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप, ती आदिवासी पाड्यावरची आणि दलित वस्तीवरची लेकरं येईनात. कारणं शोधायला लांब जायची गरज नव्हती. आईबाप दिवस उगवायला मजुरीला जायचे. लेकराला हात धरून शाळेपर्यंत आणायला घरी मागं कुणी नसायचं. अंगावर धड कपडा नसायचा, मग गावातल्या पोरांत जाऊन बसायची लाज. आणि गावातल्या लोकांनाही ही लेकरं आपल्यात बसलेली आवडत नव्हती, हे खरं तर आधी सांगायला पाहिजे.

दुसरं कुणी असतं तर अहवालात लिहून टाकलं असतं की पालक उदासीन आहेत. आजही लिहितात. ताराबाईंनी उलटा विचार केला. लेकरू चालत येऊ शकत नसेल तर शाळेनं चालत जायला काय हरकत आहे? शाळेला काय लागतं? एक बाई, थोडी सावली, थोडं पाणी, आणि हातात घ्यायला काही वस्तू. हे सगळं कुणाच्याही अंगणात होतं. म्हणून बाई पाड्यावर जायला लागल्या. एखाद्याचं अंगण झाडून घ्यायचं, आसपासची लेकरं गोळा करायची आणि तिथंच शाळा भरवायची. अंगणात भरणारी बालवाडी ती अंगणवाडी.

पहिलं काम अक्षर-अंकांचं नव्हतंच. तोंड-हात धुवायचे, नखं काढायची, डोकं विंचरायचं, अंघोळ घालायची. खरूज आणि उवा घेऊन बसलेल्या लेकराचं लक्ष गोष्टीत कसं लागणार? हे सगळं अंगणात, घरच्या माणसांच्या डोळ्यासमोर व्हायचं, ही त्यातली खरी गंमत. म्हातारी आजी ओट्यावर बसून बघायची, बाळंतीण बघायची. शाळेच्या चार भिंतीत बाईनं लेकराला अंघोळ घातली असती तर ते शाळेपुरतंच राहिलं असतं. अंगणात घातली म्हणून ती घरात शिरली.

आता साहित्याचं. रोमचे लाकडी ठोकळे काही पाड्यावर नेता येत नव्हते, आणि परवडतही नव्हते. मग शंख-शिंपले आले, कारण समुद्र शेजारी होता. झाडाच्या बिया आल्या, गोटे आले, पानं आली, बांबूच्या कांड्या आल्या, माती आली. लहान-मोठं ओळखायला गोटे. मोजायला बिया. आकाराला पानं. रंगाला फुलं. मातीचे गोळे करता करता बोटं वळायला लागतात, मग पेन्सिल धरता येते. मॉंटेसरी बाईंनी जे तत्त्व सांगितलं ते तसंच ठेवलं, फक्त दुकानातून आणायची वस्तू रानातून आणली. हरवली तर दुसरी उचलायची, कुणी रागवायला नको. खर्च म्हणाल तर शिक्षिकेचा पगार, तेवढाच काय तो मोठा.

आज फिरत्या वर्गखोल्या, कंटेनरमधली शाळा, घडी करून हलवता येणारे शेड, असं बरंच ऐकायला येतं. इंजिनिअर लोक चांगले नकाशे काढतात. त्यात वाईट काही नाही, पत्र्याच्या गळक्या खोलीपेक्षा ते केव्हाही बरं. पण शाळा हलवता येते, आणि ती स्वस्तात हलवता येते, हे ताराबाईंनी ८० वर्षांपूर्वी एकही खिळा न ठोकता करून दाखवलं होतं.

एक मात्र नीट समजून घेतलं पाहिजे. ताराबाईंचं नाव पुढं करून कुणी म्हणेल की बघा, अंगणात शाळा चालते, मग खोली कशाला पाहिजे, तर ते लबाडीचं बोलणं आहे. बोर्डीला मध्यवर्ती बालवाडी होतीच, अंगणवाड्या या तिच्या फांद्या होत्या. अंगण निवडलं ते लेकरू तिथं होतं म्हणून, पैसे वाचवायला म्हणून नाही. श्रावणातल्या झडीत अंगणात काय शाळा भरते हे खेड्यातल्या माणसाला सांगायची गरज नाही.

दहा-बारा वर्षं बोर्डीला काम झाल्यावर १९५७ च्या सुमारास केंद्र कोसबादच्या टेकडीवर गेलं. बोर्डीपासून आत, अगदी वारली वस्तीत. ताराबाई तेव्हा पासष्टीला आल्या होत्या. या वयात माणूस गावाकडून शहराकडं, पोरांकडं जातो. ह्या आणखी आत गेल्या.

कोसबादला नवीनच अडचण समोर आली. बालवाडीच्या वयाच्या पुढची, सात-आठ वर्षांची पोरगी शाळेत का येत नाही? कारण तिच्या कडेवर धाकटं भावंडं असतं. आई कामावर, मग ते सांभाळायचं कुणी? आणि पोरगा का येत नाही? तो ढोरं राखायला गेलेला असतो. कळमनुरीच्या, औंढ्याच्या डोंगरपट्ट्यात ज्यांचं बालपण गेलं त्यांना हे वाचून वेगळं काही वाटणार नाही.

पोरीच्या अडचणीवर तोडगा निघाला तो विकासवाडीचा. एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा. पोरीनं कडेवरचं बाळ पाळण्यात टाकायचं, मधल्या भावाला बालवाडीत सोडायचं आणि स्वतः वर्गात जाऊन बसायचं. मधल्या सुट्टीत बाळाला बघून यायचं. तिघंही एका नजरेत. ज्या दिवशी आई घरी, त्या दिवशी पोरगी मोकळी, नाहीतर शाळा बुडाली, हे चक्र त्यानं तुटलं. आजच्या योजनेच्या भाषेत याला काय म्हणतील देव जाणे, पण डोकं लागतं ते असल्या ठिकाणी.

पोरांच्या अडचणीवर निघाली कुरणशाळा. ढोरं जिथं चरतात तिथं शाळा. शिक्षक कुरणात जायचे, पोरं जनावरांवर नजर ठेवून झाडाखाली बसायची. झाडं, पक्षी, गवत, नाल्याचं पाणी हाच धडा. गायी मोजता येतात त्याला बेरीज-वजाबाकी नवीन नाही, फक्त ती लिहायची कशी हे सांगायचं राहिलेलं असतं. बापाला पोराची मजुरी बुडायची भीती राहिली नाही आणि पोराला पाटी मिळाली. शाळेचं वेळापत्रक घड्याळावर बसवायचं की जनावराच्या पोटावर, हा प्रश्न ताराबाई आणि अनुताईंनी जनावराच्या बाजूनं सोडवला.

१९६२ साली भारत सरकारनं ताराबाईंना पद्मभूषण दिलं. त्यानंतरही त्यांचं काम थांबलं नाही. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. कोसबादचा गाडा अनुताईंनी पुढं ओढला, थेट १९९२ पर्यंत, त्यांच्या मरणापर्यंत. अनुताईंनाही पद्मश्री मिळाली.

ताराबाई गेल्या आणि दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली. तिच्या केंद्रांना नाव मिळालं अंगणवाडी. बोर्डीच्या पाड्यावरचा मराठी शब्द देशभर गेला. हिंदी मुलखात, तमिळ मुलखात, ईशान्येला, सगळीकडं अंगणवाडी. आपल्या भाषेतले इतके दूर गेलेले शब्द बोटावर मोजण्याइतके असतील. खंत एवढीच की शब्द गेला तसा तो सगळा विचार गेला नाही. खिचडी पोचली, वजनकाटा पोचला, ते गरजेचंच होतं. पण मातीचे गोळे, बिया, गाणी, गोष्टी हे पुष्कळ ठिकाणी मागं राहिलं. याचा दोष ताईंवर टाकणं बरोबर नाही. रजिस्टर, मोबाईलवरची नोंद, सर्वे, निवडणुकीचं काम आणि बैठका सांभाळून ती बाई लेकरांपाशी बसणार कधी?

ताराबाईंचा विचार इतरांनी मात्र आपापल्या परीनं उचलला. बांधकामावरच्या मजुरांच्या लेकरांसाठी १९६९ मध्ये दिल्लीत मीरा महादेवन यांनी मोबाईल क्रेश सुरू केलं, बांधकाम जिथं तिथं पाळणाघर. ठाणे जिल्ह्यात वीटभट्ट्यांवर विधायक संसद या संस्थेनं भोंगा शाळा चालवल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरची मजुराची झोपडी, शाळाही तसल्याच झोपडीत. मुंबई-पुण्यात डोअर स्टेप स्कूलनं बसमध्ये वर्ग बसवला. साखर कारखान्यांच्या आवारात साखरशाळा निघाल्या. ही सगळी नावं वेगळी, काम एकच.

आणि याची गरज हिंगोली जिल्ह्याइतकी कुणाला असेल? दिवाळी झाली की वाडी-तांड्यावरून ट्रक, ट्रॅक्टर भरायला लागतात. कोयता टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात जातात, कर्नाटकात जातात. काही कुटुंबं वीटभट्ट्यांवर, काही पुण्या-मुंबईकडं बांधकामावर. सोबत लेकरं. पहिल्या सत्रात हजेरीपटावर असलेलं नाव दुसऱ्या सत्रात फक्त पटावरच राहतं. पाचट घातलेल्या कोपीत धाकट्याला झोळीत हलवत बसलेली आठ वर्षांची पोरगी, ही कोसबादचीच पोरगी आहे. फक्त गाव आणि साल बदललं. ज्या लेकराचं घरच सहा महिने हलतं, त्याला एका जागी ठोकलेली शाळा, ती कितीही चांगली बांधली तरी, अर्धं वर्षच कामाला येते.

यावर काही सोयी कागदावर आहेत आणि थोड्याफार जमिनीवरही आहेत. गावात आजी-आजोबांपाशी राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. बाहेर जाणाऱ्या मुलाला शिक्षण हमी कार्ड मिळतं. ते दाखवून जिथं कामाला गेलो तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत बसता येतं. अंगणवाडीच्या वयाच्या लेकराची नोंद पोषण ट्रॅकरवरून दुसऱ्या गावच्या अंगणवाडीत हलवता येते. यंदा टोळीत जाणाऱ्या आईबापांनी उचल घेताना जशी पावती नीट बघतो तसं, निघायच्या आधी मुख्याध्यापकांकडून हमी कार्ड आणि अंगणवाडीताईंकडून नोंद मागून घ्यावी. मुकादमालाही आधीच विचारून ठेवावं की कारखान्यापासून शाळा किती लांब आहे.